एपी की ड्युअल एन्रोलमेंट? अकरावीचे विषय निवडताना

ओसरी

मुलगी अमेरिकेतल्या शाळेत दहावीत आहे. पुढच्या वर्षीचे विषय निवडायचा फॉर्म शाळेने फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत मागितला आहे. शाळेत एपीचे (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय) कॅल्क्युलस एबी आणि बीसी (बीसीत एबीचा सगळा भाग येतो आणि पुढचाही), फिजिक्स १, केमिस्ट्री, इंग्लिश लँग्वेज, यूएस हिस्टरी आणि कम्प्युटर सायन्स ए हे विषय मिळतात. जवळच्या कम्युनिटी कॉलेजात ड्युअल एन्रोलमेंटखाली (म्हणजे हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचे कोर्स घेऊन) इंग्लिश कॉम्पोझिशन, सायकॉलॉजी, कॅल्क्युलस आणि फिजिक्स घेता येतं. तिचा कल इंजिनिअरिंग आणि बायॉलॉजी यांच्यामध्ये झुलतोय. कॉलेज कुठल्या राज्यात, ते अजून ठरलेलं नाही.

एकच विषय दोन्हीकडे मिळत असेल तर कुठे घ्यावा? पाच-सहा एपी केल्या तर कॉलेजचं एक वर्ष खरंच वाचतं का? परीक्षा वाईट गेली तर ते कॉलेजांना दिसतं का? आणि शाळेत क्लास न घेता घरी अभ्यास करून परीक्षा देता येते का? काउन्सेलरकडे इतकी मुलं आहेत की दहा मिनिटांपलीकडे वेळ मिळत नाही, म्हणून इथे विचारते आहे.

पायवाट

वर्ष वाचतं का, हे आधी बघू. बाकीची निवड त्यावरच ठरते.

एपीची परीक्षा कॉलेज बोर्ड ही संस्था घेते आणि १ ते ५ गुण देते. त्या गुणांचं पुढे काय करायचं ते प्रत्येक कॉलेज ठरवतं, आणि कित्येकदा कॉलेजातलं प्रत्येक डिपार्टमेंट वेगळं ठरवतं. मिळू शकणाऱ्या गोष्टी तीन आहेत आणि त्यांची सरमिसळ फार होते. एक म्हणजे क्रेडिट: पदवीला लागणाऱ्या साधारण १२० क्रेडिटांत खरीखुरी भर. दुसरी प्लेसमेंट: क्रेडिट शून्य, पण पहिला कोर्स ओलांडून थेट पुढच्या कोर्सात बसता येतं. तिसरी सूट: अमुक एक अट पूर्ण झाली असं धरतात, पण तेवढी क्रेडिटं दुसरा कोर्स घेऊन भरावी लागतात. पैसे वाचतात ते फक्त पहिल्यात.

कॉलेजांमधला फरक जमीन-अस्मानाचा आहे. इलिनॉयमधल्या सरकारी विद्यापीठांना ३ गुणांवर क्रेडिट देणं कायद्याने बंधनकारक आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाही ३ पासून युनिटं (तिथली क्रेडिटं) देते, मात्र ती तुमच्या मेजरमधल्या (पदवीच्या मुख्य विषयातल्या) कुठल्या कोर्सऐवजी चालतील ते त्या त्या कॅम्पसवर अवलंबून. दुसऱ्या टोकाला कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, ब्राउनमध्ये पदवीच्या कोर्ससंख्येत एपी धरत नाहीत आणि डार्टमथने २०१४ साली दाखल झालेल्या वर्गापासून पदवीसाठीचं एपी क्रेडिट बंद केलं. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ असतील तरच पहिला कॅल्क्युलस सुटतो.

आता इंजिनिअरिंगचं बोलायचं तर तिथे अडतं ते क्रेडिटांच्या बेरजेत नाही, कोर्सांच्या साखळीत. कॅल्क्युलस १, मग २, मग ३, मग डिफरन्शियल इक्वेशन्स. त्याला समांतर फिजिक्स. त्यावर मेजरचे कोर्स, आणि त्यातले काही वर्षातून एकाच सेमिस्टरला उघडतात. हिस्टरी, सायकॉलॉजी, एन्व्हायर्नमेंटल सायन्स मिळून १५ क्रेडिटं आणली तरी साखळी एका कडीनेही आखूड होत नाही. बीसीने दोन कड्या वाचू शकतात. म्हणून इंजिनिअरिंगमध्ये एपीच्या जोरावर पूर्ण वर्ष वाचणं विरळा. फार तर एक सेमिस्टर, एरवी हलकी सेमिस्टरं किंवा एखादा मायनर (पदवीचा दुय्यम विषय). क्रेडिटांच्या संख्येवरून कोर्स-नोंदणीची पाळी ठरत असेल तर ती लवकर येते, हा फायदा मात्र लहान नाही. मानव्यशास्त्रं किंवा बायॉलॉजीत जनरल एज्युकेशनचे (मेजर कुठलाही असो, सगळ्यांना लागणारे) कोर्स एपीने भरून निघतात, तिथे वर्ष वाचण्याची शक्यता जास्त.

फॉर्म भरण्याआधी एक संध्याकाळ यासाठी काढा. तुमच्या राज्यातलं एक सरकारी विद्यापीठ, परराज्यातलं एक आणि एक खाजगी, अशी तीन कॉलेजं घ्या. प्रत्येकाचा एपीचा तक्ता एका बाजूला उघडा आणि त्या मेजरचा चार वर्षांचा आराखडा दुसऱ्या बाजूला. एपीसमोर जो कोर्स क्रमांक लिहिला असेल तो आराखड्यात सापडतो का ते बघा. सापडला तर ती एपी कामाची. क्रमांकाच्या जागी ‘एक्सएक्स’ किंवा ‘इलेक्टिव्ह’ असेल तर क्रेडिट कागदावर येईल आणि तिथेच पडून राहील. कॉलेज बोर्डाच्या साइटवर सगळ्या कॉलेजांची धोरणं शोधायची सोय आहे, पण शेवटचा शब्द कॉलेजच्या चालू वर्षाच्या कॅटलॉगचा.

तुमच्या यादीबद्दल. प्रीकॅल्क्युलस पक्कं असेल तर एबी सोडून बीसी घ्या. बीसीच्या निकालात एबीचा सबस्कोअर वेगळा येतो, त्यामुळे सिरीज किंवा पॅरामेट्रिकमध्ये (फक्त बीसीत येणाऱ्या भागांत) गडबड झाली तरी पहिल्या सेमिस्टरचा भाग काही कॉलेजांत वाचतो. दोन्ही परीक्षा एकाच वर्षी देता येत नाहीत. फिजिक्स १ हे बीजगणितावर आधारलेलं आहे. इंजिनिअरिंगला लागणारं फिजिक्स कॅल्क्युलसवर आधारलेलं असतं, त्याला एपीमध्ये फिजिक्स सी म्हणतात. मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी-मॅग्नेटिझम अशा त्याच्या दोन स्वतंत्र परीक्षा. फिजिक्स १ पाया म्हणून चांगलं, पण इंजिनिअरिंगमध्ये त्याने कोर्स सुटेल ही आशा नको. तुमच्या शाळेत सी नाही, तेव्हा बारावीत कॉलेजमधलं कॅल्क्युलसवालं फिजिक्स घेणं हाच रस्ता. केमिस्ट्री घेतली तर लॅबची वही टाकून देऊ नका. काही डिपार्टमेंटं लॅबचं क्रेडिट देण्याआधी ती मागतात. आणि बायॉलॉजीमागे मेडिकलचा विचार असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं: बऱ्याच मेडिकल स्कूलांना पूर्वअटींचे विज्ञान कोर्स कॉलेजात केलेले हवे असतात, किंवा एपीच्या जागी त्याच विषयातला वरचा कोर्स. तिथे एपीने पाया पक्का होतो, कोर्स चुकत नाही.

तिरकस

पायवाट यांचं क्रेडिटचं गणित बरोबर आहे, पण अकरावीचा फॉर्म नुसत्या क्रेडिटवर भरू नये. प्रवेशाचे अर्ज बारावीच्या नोव्हेंबर ते जानेवारीत जातात. तोवर फक्त दहावी-अकरावीचे एपी गुण हातात असतात. बारावीत दिलेल्या परीक्षांचे निकाल जुलैत लागतात, तेव्हा प्रवेश होऊन गेलेला असतो. ते गुण क्रेडिटपुरते.

अर्ज वाचणारे ट्रान्सक्रिप्टसोबत (गुणपत्रकासोबत) शाळेचं प्रोफाइलही, म्हणजे शाळेत काय काय उपलब्ध आहे तेही, बघतात. शाळेत सात एपी उपलब्ध असताना मुलीने त्यातल्या किती घेतल्या आणि वर्गात ग्रेड काय मिळवली, हे तिथे तोललं जातं. दोन शाळांमधल्या मुलांची एपींची संख्या समोरासमोर ठेवून कोणी मोजत नाही. म्हणून अकरावीत तीन-चार, त्यातही लिखाणाचे दोन भारी विषय, म्हणजे इंग्लिश लँग्वेज आणि यूएस हिस्टरी, एकत्र घेताना जपून. ज्या वर्गात ए ऐवजी सी येणार असेल ती एपी न घेतलेली परवडली.

दुसरा_बाक

ड्युअल एन्रोलमेंटबद्दल लिहितो. इथे कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट तयार होतं आणि ते पुसता येत नाही. एपीच्या परीक्षेत २ आले तर ते कॉलेजला न पाठवता येतात. कम्युनिटी कॉलेजात सोळाव्या वर्षी मिळालेला डी मात्र पुढे प्रत्येक अर्जात सांगावा लागतो. मेडिकलच्या अर्जात, म्हणजे एएमसीएएसमध्ये, हायस्कूलमध्ये असताना केलेले कॉलेज कोर्सही भरावे लागतात. लॉ स्कूलचे अर्ज हाताळणारी एलएसएसी ही संस्थाही ती ट्रान्सक्रिप्टं मागवते. फेडरल मदत घेणाऱ्यांसाठी आणखी एक गाठ: पुढे त्याच कॉलेजात शिकायचं असेल तर नापास झालेले आणि मधेच सोडलेले कोर्स प्रगतीच्या हिशोबात धरले जाऊ शकतात.

त्याच्या बदल्यात मिळतं काय? एका सकाळच्या तीन तासांवर सगळं अवलंबून राहत नाही. सेमिस्टरभर क्विझ, निबंध, मिडटर्म, फायनल मिळून ग्रेड बनते आणि सी किंवा वर आला की राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत ते क्रेडिट बहुधा जसंच्या तसं जातं. हे तपासायची साधनं राज्यागणिक वेगळी. कॅलिफोर्नियात असिस्ट ही साइट कोर्सला कोर्स जुळवून दाखवते. टेक्सासमध्ये कॉमन कोर्स नंबरिंग आणि ४२ क्रेडिटांचा कोअर (सगळ्यांना सामाईक कोर्सांचा गट) आहे. फ्लोरिडात कोर्सांचे क्रमांक राज्यभर एकच. न्यू जर्सीत एनजे ट्रान्सफर.

राज्याबाहेर किंवा खाजगी कॉलेजात तीन प्रश्न येतात: वर्ग कॉलेजच्या आवारात झाला की हायस्कूलच्या खोलीत, शिकवणारे कॉलेजचे प्राध्यापक की शाळेचेच शिक्षक, आणि हा कोर्स हायस्कूल डिप्लोमासाठी मोजला गेला का. शेवटच्याचं उत्तर ‘हो’ असेल तर काही खाजगी कॉलेजं क्रेडिट सरळ नाकारतात. म्हणून प्रत्येक कोर्सचा सिलॅबस, पुस्तकाचं नाव आणि मोठे निबंध जपून ठेवा. पुढे क्रेडिटसाठी अपील करायची वेळ आली तर डिपार्टमेंट पहिल्यांदा सिलॅबसच मागतं.

फी कोण भरतं, हेही राज्यावर. मिनेसोटाने हा प्रकार १९८५ मध्येच सुरू केला, तिथे ट्यूशन (कॉलेजची शिकवण्याची फी) भरावी लागत नाही आणि पुस्तकंही मिळतात. फ्लोरिडात ट्यूशन माफ, पण कॉलेजच्या कोर्ससाठी ३.० चा अनवेटेड जीपीए (कठीण विषयांना जादा वजन न देता काढलेली ग्रेडची सरासरी) आणि प्लेसमेंट परीक्षेचे गुण लागतात. वॉशिंग्टनच्या रनिंग स्टार्टमध्ये ट्यूशन नाही, पुस्तकं आणि इतर शुल्क घरचं. ओहायोच्या कॉलेज क्रेडिट प्लसमध्ये मुलगा नापास झाला तर शाळेचं डिस्ट्रिक्ट तो खर्च पालकांकडून मागू शकतं. सही करण्याआधी ते कलम वाचा. पुस्तकाच्या खर्चात ऑनलाइन होमवर्कचा ॲक्सेस कोड धरायला लोक विसरतात. तो सेकंडहँड मिळत नाही.

मुलं अडखळतात ती वेगाला. तीन क्रेडिटांचा कोर्स म्हणजे वर्गात साधारण ४५ तास आणि घरी त्याच्या दुप्पट, एकूण १३५. पंधरा आठवड्यांत ते आठवड्याला ९ तास पडतात. तोच कोर्स उन्हाळ्यात सहा आठवड्यांत घेतला तर आठवड्याला साडेबावीस. ‘उन्हाळ्यात केमिस्ट्री उरकून टाकू’ म्हणणाऱ्यांनी हा भागाकार आधी करावा. शाळेसारखं उशिरा दिलेलं काम स्वीकारणं, परीक्षा पुन्हा घेणं, एक्स्ट्रा क्रेडिट, यातलं काही गृहीत धरू नका. कॉलेजचा स्प्रिंग ब्रेक शाळेच्या ब्रेकशी जुळत नाही आणि बर्फामुळे शाळा बंद असली तरी कॉलेज चालू असू शकतं.

कॅलेंडरवर दोन तारखा पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. पहिली ड्रॉपची, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तोवर कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर खूणही राहत नाही. दुसरी विथड्रॉवलची, साधारण दहाव्या-बाराव्या आठवड्यात. तेव्हा सोडला तर डब्ल्यू लागतो, जीपीएला धक्का बसत नाही. त्यानंतर जी ग्रेड येईल ती. नुसतं वर्गात जाणं बंद केलं म्हणजे कोर्स सुटला असं नाही. नोंदणी रीतसर रद्द केली नाही तर एफ (नापास) लागतो. आणि शाळेच्या काउन्सेलरला सांगणं म्हणजे कॉलेजला सांगणं नव्हे.

पालकांना एक गोष्ट खटकते. फर्पा या विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार मुलगी कॉलेजात दाखल झाली की त्या कॉलेजमधल्या नोंदींचा हक्क तिचा होतो, वय सोळा असलं तरी. प्राध्यापकाला मेल तिनेच करायचा. तिचा ५०४ प्लॅन (अपंगत्वामुळे शाळेत मिळणाऱ्या सवलतींचा आराखडा) असेल तर तोही कॉलेजात आपोआप लागू होत नाही. डिसॅबिलिटी ऑफिसकडे स्वतंत्र अर्ज लागतो.

ओसरी

दोघांच्या उत्तरांनी बरंच उलगडलं. तीन गोष्टी राहिल्या. आम्ही एच-१बी या कामाच्या व्हिसावर, ती एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावर, त्याने काही अडतं का? एपीचे गुण ‘न पाठवता येतात’ म्हणजे नेमकं कसं? आणि सायकॉलॉजी घरी अभ्यास करून द्यायची तर शाळा परवानगी देते का? आमच्या शाळेत ती एपी नाही.

दुसरा_बाक

एच-४ वर शिकायला बंदी नाही, शाळेत आणि कॉलेजात दोन्हीकडे. त्यासाठी एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) लागत नाही. प्रश्न येतो तो इन-स्टेट दराचा (राज्यातल्या रहिवाशांसाठीच्या कमी फीचा): काही राज्यं एच-१बी/एच-४ ला रेसिडेंट धरतात, काही कागद मागत बसतात. ड्युअल एन्रोलमेंटची फी डिस्ट्रिक्ट भरत असेल तरी कॉलेजच्या अर्जात रेसिडेन्सीचा रकाना चुकीचा भरला गेला तर बिल परराज्याच्या दराने येतं. ॲडमिशन ऑफिसऐवजी कॉलेजच्या रेसिडेन्सी ऑफिसकडून लेखी उत्तर घ्या. पुढे एफएएफएसए हा फॉर्म भरून मिळणारी फेडरल मदत एच-४ ला मिळत नाही, त्यामुळे वाचलेलं प्रत्येक सेमिस्टर थेट तुमच्या खिशातलं आहे. हे धरलं तर तुमच्या घरासाठी क्रेडिटचं पारडं थोडं जड होतं. २१ पूर्ण झाल्यावर एच-४ संपतो, तेव्हा पदवीचं शेवटचं वर्ष बहुधा एफ-१ वर जाईल. तोही हिशोब आत्ताच मांडून ठेवा.

‘एकच विषय दोन्हीकडे असेल तर’ या मूळ प्रश्नाला माझं उत्तर: इंग्लिश कॉम्पोझिशन कॉलेजात, विशेषतः राज्यातच राहायचा विचार असेल तर. कॅल्क्युलस एपीमध्ये. राज्य ठरलेलं नसताना बीसीचा ५ सगळीकडे समजतो, एखाद्या कम्युनिटी कॉलेजच्या गणिताचा क्रमांक दोन हजार मैलांवरच्या रजिस्ट्रारला समजेलच असं नाही. आणि कॉलेजात कॅल्क्युलस घेतलंच तर मे महिन्यात एपीची परीक्षाही द्यावी. अभ्यास तोच, खर्च परीक्षेच्या फीइतका.

निळी_शाई

गुण आणि तारखा यांच्याबद्दल.

एपीचा ऑफिशियल रिपोर्ट मागवला की त्यात आजवरच्या सगळ्या परीक्षांचे गुण जातात. एकच चांगला निवडून पाठवता येत नाही. पण प्रवेशाच्या अर्जात गुण बहुधा स्वतःच भरायचे असतात, तिथे कुठले लिहायचे ते कॉलेजच्या नियमात बसेल तसं मुलगी ठरवू शकते. ऑफिशियल रिपोर्ट बहुतेक ठिकाणी प्रवेश पक्का झाल्यावर, क्रेडिटसाठी मागतात. नको असलेला गुण एखाद्या कॉलेजपासून रोखायचा असेल तर दर गुणामागे, दर कॉलेजमागे १० डॉलर लागतात. गुण कायमचा रद्द करणं फुकट आहे, पण तो परत आणता येत नाही आणि फीही परत मिळत नाही.

गंमत तारखांची आहे. दर वर्षी एक रिपोर्ट फुकट पाठवता येतो, त्याची मुदत २० जून. त्या वर्षीच्या रिपोर्टमधून गुण रोखायचा किंवा रद्द करायचा अर्ज पोचायची मुदत १५ जून. निकाल जुलैत! म्हणजे दोन्ही निर्णय निकाल न बघता घ्यावे लागतात. अकरावीत फुकटचा रिपोर्ट कुठेही पाठवला नाही तर बिघडत काही नाही. बारावीत जिथे प्रवेश घेतला आहे तिथे तो पाठवा, नंतर प्रत्येक रिपोर्टला १५ डॉलर.

नोंदणी पालकांना करता येत नाही, ती शाळेचे एपी कोऑर्डिनेटर करतात. सप्टेंबरात शिक्षक जॉइन कोड देतात, तो ‘माय एपी’ या कॉलेज बोर्डाच्या साइटवर टाकायचा. पण कोड टाकला म्हणजे परीक्षेची ऑर्डर गेली असं नाही. ‘परीक्षा देणार’ हे वेगळं नोंदवावं लागतं आणि फी शाळेला द्यावी लागते. ऑर्डरची अंतिम मुदत १५ नोव्हेंबरच्या सुमारास, शाळेची स्वतःची मुदत बहुधा त्याआधी काही आठवडे. नंतर ऑर्डर केली तर ४० डॉलर जादा, ऑर्डर करून परीक्षा दिली नाही तरीही ४० डॉलर. मूळ फी अमेरिकेत २०२५ साली एका परीक्षेला ९९ डॉलर होती, त्यावर शाळा स्वतःचं शुल्क लावू शकते. फक्त स्प्रिंग सेमिस्टरात चालणाऱ्या कोर्सची मुदत मार्चच्या मध्यात.

घरी अभ्यास करून परीक्षा देता येते. स्वतःच्या शाळेत तो विषय नसेल तरी कोऑर्डिनेटर ‘एक्झाम ओन्ली’ चा कोड देऊन ऑर्डर करू शकतात. पण करायलाच हवी असं बंधन शाळेवर नाही. ऑगस्ट-सप्टेंबरातच विचारा, नकार आला तर जवळपासच्या शाळांकडे जायला वेळ राहतो, ऑक्टोबर संपत आल्यावर दारं बंद होतात. कुठल्या शाळेत कुठली एपी अधिकृतपणे शिकवली जाते ते कॉलेज बोर्डाच्या कोर्स लेजरमध्ये सापडतं. सेमिनार आणि रिसर्च या दोन परीक्षा वर्गाशिवाय देता येत नाहीत.

पुस्तक घेताना वर्ष बघा. सायकॉलॉजीची परीक्षा मे २०२५ पासून बदलली: ७५ बहुपर्यायी प्रश्न आणि दोन लेखी, ज्यात संशोधन लेखांचे उतारे वाचून उत्तर द्यायचं असतं. फिजिक्स १ मध्ये त्याच वर्षी फ्लुइड्स आलं, ते आधी फिजिक्स २ मध्ये होतं. लायब्ररीतली जुनी गाइडं इथेच दगा देतात.

परीक्षा मेच्या पहिल्या दोन पूर्ण आठवड्यांत, सकाळी ८ आणि दुपारी १२ अशा दोन सत्रांत. दोन विषय एकाच सत्रात आले तर एक लेट टेस्टिंगला (नंतरच्या तारखांच्या परीक्षेला) जातो, त्याला जादा फी नाही, मात्र कोऑर्डिनेटरला आधी कळवावं लागतं. २०२५ पासून बऱ्याच परीक्षा ब्लूबुक ॲपमध्ये आहेत. इंग्लिश, हिस्टरी पूर्ण डिजिटल; कॅल्क्युलस, फिजिक्स, केमिस्ट्री यांचे बहुपर्यायी प्रश्न स्क्रीनवर आणि लेखी उत्तरं कागदावर. ॲप आधी उघडून सेटअप पूर्ण करा, बॅटरी पूर्ण भरा. फोन किंवा स्मार्टवॉच सोबत सापडलं तर गुण रद्द होऊ शकतात. जादा वेळ लागणाऱ्या मुलांनी एसएसडीची (कॉलेज बोर्डाच्या अपंगत्व सवलतींच्या विभागाची) परवानगी जानेवारीच्या मध्यापर्यंत मागावी. शाळेत मिळणारी सवलत परीक्षेला आपोआप लागू होत नाही आणि कागद तपासायला सात आठवडे लागू शकतात.

पायवाट

मार्क कुठे जातात तेही लिहून ठेवतो, कारण ४ आणि ५ मधला फरक बरेचदा ज्ञानाचा नसतो.

कॅल्क्युलसमध्ये ४५ बहुपर्यायी आणि ६ लेखी, दोन्हीला निम्मं-निम्मं वजन. डिफरन्शियल इक्वेशन सोडवताना व्हेरिएबल वेगळे केले नाहीत तर त्या भागाला शून्य. इंटिग्रेशनचा सी (स्थिरांक) लिहिला नाही तर पुढचं सगळं बरोबर असूनही पुढचे गुण मिळत नाहीत. ‘ते वाढतं आहे म्हणून’ असं कारण चालत नाही. ‘ते’ म्हणजे एफ (मूळ फंक्शन) की एफ प्राइम (त्याचा डेरिव्हेटिव्ह), ते नाव घेऊन लिहावं लागतं. कॅल्क्युलेटर रेडियनमध्ये आणि उत्तर दशांशानंतर तीन स्थळं. मधल्या पायरीत आकडा दोन स्थळांवर तोडला की शेवटचं उत्तर चुकतं.

यूएस हिस्टरीत डीबीक्यूला (दिलेल्या कागदपत्रांवर आधारलेल्या निबंधाला) एकूण गुणांपैकी २५ टक्के. सात कागदपत्रं, सात पॉइंट. मुलं कागदपत्रांचा सारांश लिहून थांबतात, तिथे पॉइंट नाही. निदान चार कागदपत्रांचा उपयोग स्वतःचं म्हणणं सिद्ध करायला केला पाहिजे आणि निदान दोन कागदपत्रांबाबत लिहिणारा कोण, कुणासाठी लिहीत होता, त्याने काय फरक पडतो हे सांगितलं पाहिजे. बाहेरचा एक ठोस पुरावा मिळाला की आणखी एक पॉइंट. वेळ एक तास, त्यातली पंधरा मिनिटं वाचनाला.

केमिस्ट्रीत सात लेखी प्रश्न, त्यातले तीन मोठे. प्रश्नाचा भाग ‘ए’ चुकला तरी ‘बी’ मध्ये तोच चुकीचा आकडा नीट वापरला तर ‘बी’ चे गुण सहसा मिळतात, म्हणून कोरं सोडू नका. चुकीच्या बहुपर्यायी उत्तराला वजाबाकी २०११ पासून नाही.

सरावासाठी कोचिंग लावण्याआधी कॉलेज बोर्डाच्या साइटवर मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि त्यांच्या गुणदानाच्या शीट फुकट आहेत त्या वापरा. वेळ लावून सोडवायचं, मग शीट समोर ठेवून स्वतःच निर्दयपणे तपासायचं. मार्च-एप्रिलमध्ये दर आठवड्याला दोन लेखी प्रश्न असे तपासले की पॉइंट कशाला देतात ते डोळ्यांना कळायला लागतं.

तळ्यात_मळ्यात

सायकॉलॉजी फक्त एक जनरल एज्युकेशनची अट भरायला हवी असेल तर क्लेप ही कॉलेज क्रेडिटची परीक्षाही बघा. तीही कॉलेज बोर्डाचीच, पण मेची वाट बघावी लागत नाही. टेस्ट सेंटरवर वर्षभर देता येते. बहुतेक परीक्षा ९० मिनिटांच्या, बहुपर्यायी. गुण २० ते ८०, आणि ५० ला क्रेडिट द्यावं अशी शिफारस असते. नापास झालं तर तीन महिन्यांनी पुन्हा. मॉडर्न स्टेट्स या संस्थेचा फुकट ऑनलाइन कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. तोटा असा की कडक निवड करणारी खाजगी कॉलेजं क्लेपला सहसा विचारत नाहीत आणि प्रवेशाच्या अर्जातही तिचं वजन नाही. राज्यातल्या सरकारी कॉलेजासाठीच हा मार्ग, आणि तोही त्या कॉलेजचा क्लेपचा तक्ता बघून. ५० ऐवजी वेगळा कटऑफ ठेवणारी कॉलेजं आहेत.

शाळेत आयबी (इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, एपीसारखाच पर्यायी अभ्यासक्रम) असलेल्या कुणी हा धागा वाचत असेल तर: तिथे क्रेडिट बहुधा हायर लेव्हलच्या विषयांनाच मिळतं, ५, ६ किंवा ७ गुणांवर. स्टँडर्ड लेव्हलला फार ठिकाणी काही मिळत नाही. त्यामुळे इंजिनिअरिंगकडे जाणाऱ्याने मॅथ आणि फिजिक्स हायर लेव्हलला ठेवावं आणि स्टँडर्डचे विषय दुसरीकडे वळवावेत.

आणि घरात बोलली जाते म्हणून मराठीची एपी शोधू नका. एपीच्या यादीत एकही भारतीय भाषा नाही, क्लेपमध्येही नाही. परकीय भाषेची अट सोडवायची असेल तर कॉलेजची स्वतःची प्रावीण्य चाचणी असते का ते लँग्वेज डिपार्टमेंटला विचारा. बऱ्याच ठिकाणी ती फक्त सूट देते, क्रेडिट नाही.